सोनसळाची कात

एका राज्यात सगळ्यांना वाचा होती. माणसांना होती यात नवल नाही. पण त्या राज्यात दरवाजे बोलत, रांजण बोलत, आणि जातं तर दळता दळता या घरातली गोष्ट शेजारच्या जात्याला सांगून मोकळं होई. वेशीवरचा दगड येणाऱ्याला नाव-गाव विचारी आणि जाणाऱ्याला 'सांभाळून जा' म्हणे. कुठे दुखतं, कुठे खुपतं, काय हवं, काय नको, ते ज्याचं त्याने सांगावं आणि दुसऱ्याने ऐकावं, असा तिथला रिवाज. त्यामुळे कोणाकडे नीट निरखून बघण्याची सवयच त्या राज्याला राहिली नव्हती.

तिथे एकच जीव मुका होता. राजवाड्यातला साप, सोनसळ.

सोनसळ किती वर्षांचा, हे कोणालाच सांगता येत नसे. आजच्या राजाच्या खापरपणजोबांनी त्याला पाहिला, तेव्हाही तो एवढाच होता म्हणतात. पिकल्या साळीचा रंग, पाठीवरून उतरलेली काळसर वेलबुट्टी, आणि चालणं असं की खालचं पान हलू नये. पश्चिमेच्या चौकात कुंडाकाठी त्याची दगडी घुमटी होती. येणारेजाणारे लांबून हात जोडत, दुधाची वाटी ठेवत आणि निघून जात. साप दूध पीत नाही, ते मांजरं पीत. वाटी रिकामी झाली म्हणून लोक खूश, पोट भरलं म्हणून मांजरं खूश, आणि सोनसळाला कोणी विचारलंच नव्हतं.

त्याच्या जवळ जाई ती एकटी राजकन्या पद्मरेखा. कुंडाचं पाणी ती बदली, त्याचं भक्ष्य ती पुढे ठेवी, आणि दुपारच्या उन्हात त्याच्याशेजारी पायरीवर बसून राही. तिच्या खांद्यावर मुखरा नावाची साळुंकी असे. सोनसळ जितका मुका तितकी मुखरा बोलकी. दोघांचं मिळून प्रमाण बरोबर राखलं जाई.

आता या घराण्याचं आणि त्या सापाचं एक नातं होतं. जे सापाला ते राजाला. कातीचे दिवस आले, सोनसळाचा रंग मावळला, डोळे निळसर दुधाळ झाले, की राजा विश्वरथाच्या डोळ्यांपुढेही धुकं उतरे. सापाने अन्न सोडलं की राजाची भूक मरे. साप घुमटीत शिरे, राजा महालाचे पडदे ओढून घेई. मग कात निघे आणि दोघांचे डोळे निवळत. दरबाराला याची इतकी सवय झाली होती की राजाला साधी ठेच लागली तरी लोक म्हणत, "कातीचे दिवस असतील."

आणि कात निघे म्हणजे ती काढली जाई. राजजोशी मुहूर्त काढत, चौकात चौघडा झडे, आणि राजा स्वतःच्या हाताने सापाच्या अंगावरची कात ओढी. ती ओढताक्षणी सोन्याची होई. असा तो 'कातओढणी'चा सोहळा. कात तयार आहे की नाही, हे बघायची पद्धत नव्हती. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही, तर सापासाठी कसा थांबेल? ते सोनं खजिन्यात टांगलं जाई आणि तिथेच राही, कारण खजिन्याबाहेर नेलं की त्याचा कोंडा होई. तरी घराण्याला त्याचा अभिमान होता. उपयोग नसलेल्या गोष्टींचाच माणसाला फार अभिमान असतो.

या खेपेला राजाला हाताजवळचा सापही नीट दिसेना. राजा म्हणाला, "पद्मरेखे, या वेळी तू ओढ. तुझ्या हाताला तो ओळखतो."

पद्मरेखेने ओढली. कात मानेपाशी अडली. तिच्या बोटांना ते कळलं. सोनसळाच्या अंगातून एक शहारा गेला, तोही कळला. पण चौघडा दणाणत होता, राजजोशी 'वेळ भरली, वेळ भरली' ओरडत होते, आणि तिने जोर केला. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली. प्रत्येक तुकडा सोन्याचा झाला. लोकांनी जयजयकार केला.

दिवस उलटले, पण सोनसळाचे डोळे निवळले नाहीत. राजाचेही निवळले नाहीत.

दरबारात विचारविनिमय झाला. राजवैद्य भूधर म्हणाले, "कातीचे दिवस लांबले आहेत." राजजोशी म्हणाले, "पुढच्या मुहूर्तावर पुन्हा ओढू." सेनापतींना काहीच सुचलं नाही म्हणून त्यांनी सापावर थंड गुलाबपाण्याचे हंडे ओतण्याची आज्ञा दिली आणि ती तत्काळ पाळली गेली. त्यानंतर सोनसळ मान उंच धरून, तोंड किंचित उघडं ठेवून बसू लागला. आणि महालात राजा उशा रचून, बसल्या बसल्या झोपू लागला. विचारलं तर म्हणे, "मी बरा आहे."

पद्मरेखेने दोघांना तसं बसलेलं पाहिलं. ती सोनसळाला रोज बघत आली होती, पण बघणं आणि ओळखणं यात अंतर असतं, हे तिला त्या दिवशी कळलं. 'कातीचे दिवस' या दोन शब्दांनी तिने आजवर सगळंच झाकून टाकलं होतं.

"याची जुनी कात बघायला हवी," ती म्हणाली.

"खजिन्यात?" मुखरा म्हणाली. "तिथल्या पहारेकऱ्यांच्या कानांत कापसाचे बोळे असतात. का, ते कधी कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर सगळं विचारते."

खजिन्याचं दार उघडलं आणि कारण कळलं. आत सोनं कण्हत होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या काती छतापासून लोंबत होत्या आणि एकेक हळू आवाजात एकच वाक्य बोलत होती, "मी तयार नव्हते. मी तयार नव्हते." या राज्यात सगळ्यांना वाचा होती, तर सोन्यालाही होती; फक्त ऐकणाऱ्यांनी कान बंद केले होते.

कोपऱ्यात सगळ्यांत जुनी कात होती. पद्मरेखा तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"राजाची लेक आलीस?" कात म्हणाली. "उशिरा आलीस. ऐक. तुझ्या मूळपुरुषाने सोनसळाला वल्मिका चेटकिणीकडून मागून आणला. तो तिचा लेक. तिने सांगितलं होतं, याला याच्या वेळेने राहू दे. तुझ्या मूळपुरुषाला धीर नव्हता. दरबारात मिरवायचं होतं म्हणून त्याने मला कच्चीच ओढली. वल्मिका संतापली. म्हणाली, ओढलेली कात सोन्याची होईल, म्हणजे तुमचा हात कधी थांबणार नाही. याचं दुखणं तुमच्या अंगावर उमटेल आणि याला वाचा राहणार नाही. तुमच्यातलं कोणी न सांगता याचं दुखणं ओळखेल, आणि ओळखूनही हात आवरेल, तेव्हाच हे सुटेल."

"म्हणजे सोनं हाच शाप?"

"मग तुला काय वाटलं, बक्षीस?" कात म्हणाली आणि पुन्हा कण्हू लागली.

पद्मरेखेने या खेपेला ओढलेल्या कातीचा डोक्याकडचा तुकडा मागितला. खजिन्याबाहेर त्याचा कोंडा झाला असता, म्हणून तिने मूठभर खजिन्याची माती फडक्यात घेतली आणि तीत तुकडा पुरून गाठ मारली. सोन्याला वाटलं, आपण अजून खजिन्यातच आहोत. सोनं तसं फार हुशार नसतं.

मग तिने वेताच्या टोपलीत मऊ कापड पसरून सोनसळाला ठेवलं आणि राजाचा निरोप घेतला. राजाने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, तो तिच्या कानापाशी लागला.

"लांब जाते आहेस?"

"दक्षिणेला, वल्मिकेकडे, आबासाहेब. तुम्हाला कुठे दुखतं का?"

"मी बरा आहे," राजा म्हणाला.

वल्मिकेचं वारूळ राज्याच्या दक्षिण वेशीबाहेर, पळसाच्या रानापलीकडे होतं. राज्य संपेपर्यंत वाट बोलकी होती. फाटा आला की 'इकडून' म्हणे. पण पळसाच्या रानात पाऊल पडलं आणि वाट गप्प झाली. झाडं गप्प होती. पद्मरेखेने विचारलं, "मुखरे, आता कुठे?" मुखराने चोच उघडली. आतून निघाला तो साध्या साळुंकीचा आवाज. बिचारी स्वतःच दचकली.

त्या रानात माणसांखेरीज कोणालाच वाचा नव्हती. पद्मरेखा चालत राहिली. काही वेळाने तिच्या ध्यानात आलं की मुखरा खांद्यावर नेहमीसारखी बसलेली नाही. पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, धाप लागलेली. एरवी मुखराने 'पाणी पाणी' म्हणून डोकं उठवलं असतं. पद्मरेखेने ओंजळीत पाणी धरलं, साळुंकी घटाघटा प्यायली आणि तिचे पंख जागेवर बसले. एवढीशी गोष्ट, पण आपल्या आयुष्यात न सांगता ओळखलेली ही पहिली गोष्ट, हे जाणवून राजकन्येला लाज वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

वारूळ टेकडीएवढं होतं. दारात वल्मिका बसली होती. अंगावर मातीचंच पांघरूण, केसांत अळंब्या उगवलेल्या.

"कोण?"

"राजा विश्वरथाची कन्या, पद्मरेखा."

"टोपलीत काय?"

"सोनसळ."

म्हातारीचा हात टोपलीकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिने तो परत मांडीवर ठेवला.

"शाप मागे घ्या, आजी," पद्मरेखा म्हणाली.

"दिलेला शाप देणाऱ्याच्याही हातात राहत नाही. मी रागात बोलले. लेकरू माझंच होतं, हे त्या रागात विसरले. आता मी त्याला शिवले तर माझी माती होईल आणि तो तसाच राहील. ओळखणारं तुमच्यातलंच हवं. तीन गोष्टी विचारीन. चुकलीस तर या वारुळात एक मुंगी वाढेल."

"विचारा."

वल्मिकेने टाळी वाजवली. वारुळातून दोन साप आले आणि दोन दगडांच्या सावलीत वेटोळं करून बसले. दोघांचा रंग मळकट, दोघांनी भक्ष्याकडे पाठ फिरवलेली.

"एक आजारी आहे, एक धडधाकट. आजाऱ्याला माझ्याकडे आण. धडधाकटाला शिवलीस तर मुंगी."

पद्मरेखा उकिडवी बसली आणि बघत राहिली. पहिल्याचे डोळे निळसर दुधाळ होते. बघताक्षणी वाटावं, हाच आजारी. पण त्याचं अंग भरलेलं होतं, पोटाकडून गुलाबी झाक होती, आणि तो मधूनच उठून पाण्याच्या थाळीत अंग भिजवून येई. श्वास एवढा शांत की दिसतही नव्हता. दुसऱ्याचे डोळे लख्ख होते. मात्र तो मान वर धरून बसला होता. तोंड पुरतं मिटत नव्हतं, कडेला फेसाचा बुडबुडा येई आणि फुटे. पाठीचा कणा कापडाखालच्या काठीसारखा वर आला होता. तिने कान जवळ नेला, तर श्वासाबरोबर बारीक शिट्टी ऐकू आली.

तिने दुसऱ्याला उचलून म्हातारीपुढे ठेवलं. "पहिला कात टाकणार आहे, त्याला एकटं राहू द्यावं. आजारी हा आहे."

"डोळे लख्ख असताना?"

"डोळे लख्ख आहेत, पण श्वास नाही."

वल्मिकेने मान हलवली. काही दिवस गेले. पहिल्या सापाचे दुधाळ डोळे निवळले, आणि एका सकाळी त्याच्या नाकाशी कात सुटू लागली.

"दुसरी गोष्ट," वल्मिका म्हणाली. "याची कात मला अखंड हवी. हात लावायचा नाही, चिमटा लावायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही."

पद्मरेखेने ओढ्यातून ओलं शेवाळ आणलं, खरबरीत दगड आणला, एक वाळकी फांदी आडवी ठेवली आणि लांब जाऊन बसली. सापाने दगडावर नाक घासलं, आणि थांबला. पुन्हा घासलं, पुन्हा थांबला. ऊन चढलं. कात ओठापर्यंत आली आणि तिथेच राहिली.

इकडे टोपलीत सोनसळाचा श्वास शिट्टी वाजवू लागला होता. तो आवाज आता तिला ओळखता येत होता. म्हणजे महालात आबासाहेबांच्या छातीतही तीच शिट्टी वाजत असणार, आणि ते उशीला टेकून 'मी बरा आहे' म्हणत असणार. समोर बोटभर सुटलेली कात. एकदा चिमटीत धरली असती तर क्षणात काम झालं असतं. तिचा हात दोनदा पुढे गेला. आबासाहेबांसाठी जीव तुटत होता तिचा. रडू येत होतं, आणि ती रडलीही. पण चौकातला तो शहारा बोटांना आठवला, आणि तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

ऊन कलता कलता साप फांदीखालून सरकला. उशीचा अभ्रा उलटा काढावा तशी कात मागे मागे उलटत गेली. शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. आतून निघालेला साप असा झळझळीत की मुखरासुद्धा जागची हलली नाही.

"उचल ती कात," वल्मिका म्हणाली. "आणि तिसरी गोष्ट सांग. तुझ्या टोपलीत जो आहे, त्याला काय झालंय?"

पद्मरेखेने ती कात उजेडाकडे धरली. डोक्याच्या जागी दोन गोल, अभ्रकाच्या टिकल्यांसारख्या पारदर्शक खिडक्या होत्या. डोळ्यांवरची कातही कातीबरोबर निघते, हे तिने आयुष्यात प्रथम पाहिलं. तिने गडबडीने फडक्याची गाठ सोडली आणि सोन्याचा तुकडा काढला. डोळ्यांच्या जागी फाटकी भोकं होती.

मग तिने सोनसळाला मांडीवर घेतलं आणि नाकापासून सुरुवात केली. डोळ्यांवर थरावर थर. अंगावर मधूनमधून जुन्या कातीचे सुकलेले पट्टे. शेपटीच्या टोकाशी एक कडं राहून गेलेलं, दोऱ्यासारखं आवळलेलं, आणि त्यापुढचं टोक काळवंडलेलं. श्वासात शिट्टी.

"याचे कातीचे दिवस लांबलेले नाहीत," ती म्हणाली. "याची कात पडलेलीच नाही. आम्ही ती मुहूर्तावर ओढली आणि डोळ्यांवरची तिथेच राहिली. दर खेपेला थोडी थोडी राहिली. आमच्या घराण्याचे राजे म्हातारपणी आंधळे होतात, ती घराण्याची खोड म्हणून आम्ही सांगत आलो. शेपटीला फास आहे. आणि छातीत गारठा शिरला आहे, तो त्या गुलाबपाण्याचा. शेवटची कात माझ्या या हाताने ओढली. त्याला दुखलं ते मला कळलं होतं, आजी. कळूनही मी ओढली."

वल्मिकेने डोळे पुसले. मग मातीच्या पांघरुणातून एक हिऱ्याचा चिमटा काढला.

"हा घे. डोळ्यांवरचे थर क्षणात निघतील. तुझा बाप या घटकेला बघू लागेल."

"आणि सोनसळाचा डोळा?"

म्हातारीने नजर दुसरीकडे वळवली.

"तो थराबरोबर येईल," पद्मरेखा म्हणाली. "नको, आजी. पुढच्या कातीची वाट बघेन."

"तुझा बाप तोवर तगला नाही तर?"

"तगवेन. काय झालंय ते आता माहीत आहे."

वल्मिकेने चिमटा मुठीत दाबला, त्याची माती झाली. "जा," ती म्हणाली. "शाप इथे सुटत नसतो. जिथे लागला तिथेच सुटतो."

राज्याच्या वेशीत पाऊल पडताच मुखराला वाचा आली, आणि रानभर तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. वाटेतले काटे, म्हातारीच्या केसांतल्या अळंब्या, आणि "त्या पळसाखाली मला तहान लागली होती ते तुला कळलं, बरं का! मी काही म्हटलं नव्हतं!" हे तिने वाड्यापर्यंत तीनदा सांगितलं. टोपली चौकात उतरवून पद्मरेखा तडक महालात गेली.

राजा उशांना टेकून बसला होता, जवळ राजवैद्य होते. पायांवर शाल.

"आबासाहेब, पाय दाखवा."

"पायांना काय झालंय? मी बरा—"

"पाय दाखवा."

तिने शाल बाजूला केली. उजव्या पायाच्या करंगळीभोवती दोरा आवळावा तसा वळ होता आणि करंगळी काळीनिळी पडली होती. राजवैद्य भूधर करंगळीवर वाकले. "महाराज, हे कधीपासून?"

"राजाने दुखतं म्हणायचं नसतं," राजा हळूच म्हणाला.

"या राज्यात जातंसुद्धा बोलतं, आबासाहेब," पद्मरेखा म्हणाली. "दोघेच मुके. एक चौकात आणि एक इथे."

राजवैद्य तिच्याबरोबर चौकात आले. म्हणाले, "माझं शास्त्र माणसांचं. पण काय दिसतं ते तू सांग, काय द्यावं ते मी शोधतो." असं त्यांचं जमलं. सोनसळाला चौकाला लागून असलेल्या मुदपाकखान्याच्या उबदार भिंतीशी हलवलं. एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला ओल्या शेवाळाचं मडकं. हवं तिथे त्याने बसावं. राजवैद्यांनी छातीसाठी औषध दिलं. शेपटीवर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. कडं भिजत भिजत सैल झालं आणि एके दिवशी फडक्यातच राहिलं. त्या दिवशी राजाच्या करंगळीत रक्त फिरलं. हळूहळू शिट्टी थांबली. सापाने तोंड मिटलं, राजा आडवा होऊन झोपू लागला. पण डोळे दोघांचेही तसेच होते.

पद्मरेखा सापापासून हलत नसे. सकाळी ती त्याचा श्वास ऐके, त्याचं वजन तळहातांवर घेऊन बघे, मग जाऊन राजाचा श्वास ऐके. ज्याला म्हणून सांगायची सोय नाही, त्याच्याजवळ बसून राहण्यावाचून दुसरा उपाय नाही.

अखेर सोनसळाचा रंग मावळला. पोटाला गुलाबी झाक आली. तो मडक्यात शिरून बसला.

राजजोशी पंचांग घेऊन आले. "मुहूर्त कधीचा धरायचा?"

"या वेळी मुहूर्त सोनसळ काढेल," पद्मरेखा म्हणाली.

सगळ्या राज्याला निरोप गेला. चौघड्यांना घोंगड्या गुंडाळल्या. दरवाजे गप्प झाले, रांजण गप्प झाले, जात्यांनीही तोंड मिटलं. राजाला आधार देऊन आणलं आणि पायरीवर बसवलं. सोनसळ मडक्याबाहेर आला. खरबरीत दगडावर त्याने नाक घासलं, थांबला, पुन्हा घासलं. कात मानेपाशी आली आणि अडली. कुठूनतरी एक हात पुढे येतोय असं वाटलं, तो सेनापतींचा होता. मुखराने त्यावर टोच मारली.

सोनसळ थांबला. विसावला. मग दगडाच्या फटीतून पुढे सरकला, आणि कात उलटली. डोळ्यांवरच्या टिकल्या तिच्याबरोबर आल्या. एकावर एक बसलेले, कांद्याच्या सालीसारखे जुने पापुद्रे, सगळे. शेपटीच्या टोकापर्यंत अखंड कात जमिनीवर राहिली. ती सोन्याची झाली नाही. वाऱ्याने हलली, एवढंच.

त्याच घटकेला खजिन्यातलं कण्हणं थांबलं. पहारेकऱ्यांनी आत डोकावून पाहिलं, तर छतापासून जमिनीपर्यंत कोंडा उडत होता. त्यांनी कानांतले बोळे काढले आणि खिडक्या उघडल्या. दक्षिणेकडून, वल्मिकेच्या वारुळाच्या बाजूने, पाऊस नसताना मातीचा वास आला म्हणतात. सोनसळाने मान वळवून तिकडे बराच वेळ पाहिलं. त्यालाही वाचा परत मिळाली असणार. पण तो काही बोलला नाही. गरज वाटली नसावी.

पायरीवर राजा विश्वरथाने डोळे चोळले. उघडले. समोर चौक होता, गर्दी होती, जयजयकाराची वाट बघणारे लोक होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो लेकीकडे बघत होता. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, बांगड्या कोपरापर्यंत सरकतील असे हात.

"पोटभर शेवटची कधी जेवलीस?" त्याने विचारलं.

पद्मरेखा हसली. "मी बरी आहे, आबासाहेब."

"ते वाक्य माझं आहे," राजा म्हणाला. "ऊठ. ताट वाढायला सांग, तुझं आणि माझं."

त्या राज्यात कातओढणी पुन्हा झाली नाही, आणि कोणी 'मी बरा आहे' म्हटलं तर त्याच्या ताटाकडे बघायची रीत पडली. तुमच्या घरी जो बोलत नाही, त्याच्याकडेही जरा बघा. कहाणीने इथे कात टाकली. ती वेळेवर पडली, कोणी ओढली नाही.